टायपिंगची शर्यत: खुर्चीत बसण्यापासून निकालापर्यंत, क्रमाने

गणपतीच्या दहा दिवसांत इंदूरमधल्या आमच्या सुदामानगरच्या गल्लीत मुलं टायपिंगची शर्यत लावतात. त्याच्या महिनाभर आधीपासून माझ्या टायपिंगच्या वर्गात एकच तक्रार ऐकू येते: "काकू, रोज वीस-वीस शर्यती खेळतो, पण वेग चाळीसच्या वर सरकतच नाही." मी विचारते, सराव किती करतोस? उत्तर येतं, "हाच की सराव."

इथेच गाडी अडते. शर्यत म्हणजे परीक्षा. रोज वीस परीक्षा दिल्या म्हणून अभ्यास होत नाही. घाईत बोटं चुकतात, तीच चूक रोज वीसदा गिरवली जाते आणि महिन्याभरात ती इतकी पक्की बसते की काढायला दोन महिने लागतात. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. मधला एखादा गाळून पुढे गेलात तर परत यावंच लागेल.

१. खेळ गुण कसे देतो, ते आधी बघा

वेग मिनिटाला किती शब्द, असा मोजतात. पण इथला 'शब्द' म्हणजे खरा शब्द नव्हे. पाच अक्षरठोके म्हणजे एक शब्द, स्पेस आणि विरामचिन्हं धरून. मिनिटाला साठ शब्द म्हणजे तीनशे ठोके, सेकंदाला पाच.

आता खेळाखेळातला फरक. टाइपरेसरवर उताऱ्यात कॅपिटल अक्षरं, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं असं सगळं येतं आणि चूक दुरुस्त केल्याशिवाय पडद्यावरची आपली गाडी पुढे जात नाही. नायट्रो टाइपमध्ये 'नायट्रो' नावाची सवलत असते. एंटर दाबलं की समोरचा शब्द वगळला जातो. मुलं ती सुरुवातीलाच 'द' किंवा 'अँड' अशा चिमुकल्या शब्दावर उडवून टाकतात. ती उताऱ्यातल्या सगळ्यात लांब शब्दासाठी राखून ठेवायची. मंकीटाइपवर नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त लहान अक्षरांतले सुटे शब्द येतात, विरामचिन्हं आणि आकडे आपण चालू करावे लागतात. त्यावर सत्तरचा वेग असलेला मुलगा टाइपरेसरवर पन्नासला येतो आणि 'आज हात चालत नाहीत' म्हणतो. हात बरोबर चालत असतात, शिफ्टची सवय नसते.

चुकीची किंमत किती, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडते. तीनशे ठोक्यांचा उतारा घ्या. एक मुलगी साठच्या वेगाने टाइप करते, अचूकता ९५ टक्के, म्हणजे पंधरा चुका. चूक लक्षात येईपर्यंत पुढची दोन अक्षरं पडलेली असतात. म्हणजे तीन ठोके वाया, तीनदा बॅकस्पेस आणि वर एक क्षणाची थबक. दर चुकीमागे साधारण दीड सेकंद धरा. पंधरा चुकांचे बावीस सेकंद झाले. उतारा एका मिनिटाऐवजी ८२ सेकंदांत संपला, हाती आलेला वेग ४४. दुसरी मुलगी पन्नासचीच, पण अचूकता ९९ टक्के. तिला उताऱ्याला ७२ सेकंद लागतात, तीन चुकांचे साडेचार मिळवा, झाले साडेशहात्तर. तिचा वेग ४७. दहा शब्दांनी हळू असलेली मुलगी जिंकली.

तपासा: ज्या खेळात उतरायचं आहे त्यात चूक दुरुस्त करणं सक्तीचं आहे का? कॅपिटल आणि विरामचिन्हं आहेत का? उतारा किती लांब असतो? या तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. टेबल, खुर्ची, कीबोर्ड

कोपर काटकोनात यावं, मनगट हवेत सरळ राहावं आणि पाय जमिनीला टेकावेत. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला तर बहुतेक मुलांचे खांदे वर चढतात. खुर्चीवर एक उशी घातली की काम भागतं. पलंगावर मांडी घालून शर्यत खेळू नये.

कीबोर्ड महागच हवा असं नाही. जेल रोडवर साधा यूएसबीचा मिळतो, तो चालतो. मात्र घेण्याआधी दुकानातच लावून एक चाचणी करा: दोन्ही शिफ्ट धरून एकेक अक्षर दाबत जा, मग तीन-चार अक्षरं एकदम दाबून पाहा. स्वस्त कीबोर्डवर काही ठरावीक कळा एकत्र दाबल्या की त्यांतली एक उमटतच नाही. वेग वाढला की आधीची कळ सुटायच्या आत पुढची दाबली जाते, तेव्हा अशी अक्षरं गळतात. मुलं मात्र आपल्याच बोटांना दोष देत बसतात. लॅपटॉपच्या कीबोर्डवर खेळत असाल तर टचपॅड बंद करा, नाहीतर अंगठ्याच्या धक्क्याने कर्सर भलतीकडे उडी मारतो.

सावधान: पोहे-शेव खाऊन तसेच हात कीबोर्डवर नेऊ नका. शेवेचं तेल एफ आणि जे या कळांवरच्या बारीक उंचवट्यांवर बसतं, बोट घसरतं आणि जागा चुकते. हात साबणाने धुवा, कोरडे करा, मगच बसा.

३. संगणकाच्या खोड्या आधीच बंद करा

या टप्प्याला पाच मिनिटं लागतात. तरी सगळ्यात जास्त मुलं हाच गाळतात.

शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबली की विंडोजमध्ये स्टिकी कीजची चौकट उघडते.  शर्यत सुरू व्हायची वाट बघताना अस्वस्थपणे शिफ्ट टकटकवणारी मुलं असतात. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद करून टाका.

संगणकावर दोन भाषा बसवलेल्या असतील तर डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली गेली की भाषा बदलते. भर शर्यतीत इंग्रजीच्या जागी देवनागरी उमटू लागली तर घाबरू नका, तेच पुन्हा दाबा किंवा विंडोजची कळ धरून स्पेस दाबा. ज्यांना फक्त इंग्रजीत खेळायचं आहे त्यांनी त्या दिवसापुरती दुसरी भाषा काढून ठेवली तरी चालेल.

ब्राउझरमध्ये एकच टॅब उघडा ठेवा. संदेशांच्या सूचना बंद करा. घरचं वायफाय डळमळीत असेल तर फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा, पण मध्येच बदलू नका, कारण जोडणी तुटली की बहुतेक खेळांत शर्यतीतून बाहेर पडावं लागतं.

तपासा: कोऱ्या पानावर एक परिच्छेद टाइप करा. एकही चौकट मध्ये आली नाही, भाषा बदलली नाही, तर पुढे चला.

४. बोटं जागेवर, आणि बॅकस्पेसनंतर पुन्हा जागेवर

डाव्या हाताची बोटं ए, एस, डी, एफवर, उजव्या हाताची जे, के, एल आणि अर्धविरामावर. हे सगळ्यांना माहीत असतं. गडबड होते ती हात तिथून हलल्यावर.

गेल्या वर्षी एक मुलगा आला होता, नववीतला, अंगात वीज असल्यासारखा. पहिल्या दोन ओळी अशा काही टाइप करायचा की बघत राहावं. आणि मग अचानक सगळा मजकूर विचित्र व्हायचा. 'काकू, बोटं तर तीच मारतोय, पण अक्षरं दुसरीच येतायत!' मी त्याच्या शेजारी बसून पडद्याकडे न बघता नुसता त्याचा उजवा हात बघितला. चूक झाली की तो अख्खा हात उचलायचा, पहिल्या बोटाने बॅकस्पेस ठोकायचा आणि हात परत आणताना एक घर उजवीकडे टेकवायचा. पहिलं बोट जेऐवजी केवर. त्यानंतर ओच्या जागी पी, एनच्या जागी एम. एका चुकीतून पुढच्या आठ चुका अशा जन्माला यायच्या.

यावर उपाय असा:

बॅकस्पेस उजव्या करंगळीने दाबायची. पहिलं बोट शक्यतो जेवरून हलवायचं नाही. ज्यांचा हात लहान आहे त्यांचं पहिलं बोट उचललं जाईलच. त्यांनी परत येताना आधी जेवरचा उंचवटा चाचपायचा, मगच पुढचं अक्षर.

याचा वेगळा सराव करा. दहा शब्द मुद्दाम चुकीचे टाइप करायचे, पुसायचे, बरोबर लिहायचे. नजर पडद्यावरच ठेवायची. रोज पाच मिनिटं. त्या मुलाने हे बारा दिवस केलं. पंधराव्या दिवशी त्याने हात न बघता बॅकस्पेस मारली आणि माझ्याकडे वळून बघितलं. शब्दाने काही बोलला नाही, पण चेहरा असा फुलला होता की मलाच भरून आलं.

पूर्ण शब्दच बिघडला असेल तर कंट्रोल धरून बॅकस्पेस दाबा, शब्द एकदम पुसला जातो. चार अक्षरांपेक्षा जास्त मागे जायचं असेल तर हेच स्वस्त पडतं. मात्र आपल्या खेळात ते चालतं का, ते आधी पाहून घ्या.

शिफ्टचा नियमही इथेच घोटून घ्या: अक्षर डाव्या हाताचं तर शिफ्ट उजव्या करंगळीने, उजव्या हाताचं तर डाव्या. एका कॅपिटल अक्षरासाठी कॅप्सलॉक लावणं आणि काढणं म्हणजे दोन फुकट ठोके, आणि काढायला विसरलात तर अख्खी ओळ गेली.

५. सरावाचा क्रम: अचूकता, लय, मग वेग

चार आठवडे धरा. रोज चाळीस मिनिटं पुरतात, तीही दोन तुकड्यांत.

पहिले दोन आठवडे फक्त अचूकता. मंकीटाइपच्या सेटिंगमध्ये 'मास्टर' नावाची काठिण्यपातळी आहे. त्यात एक अक्षर चुकलं की चाचणी तिथेच संपते. सुरुवातीला मुलं रडकुंडीला येतात, कारण दहा सेकंदही टिकत नाहीत. वेग निम्म्यावर आणा. तीस सेकंद विनाचूक टिकता आलं की साठ सेकंद करा. ज्यांची बोटंच अजून बसलेली नाहीत त्यांनी त्याआधी कीबीआर हे सरावाचं संकेतस्थळ वापरावं. ते थोड्या अक्षरांपासून सुरू करतं आणि ती जमली की पुढचं अक्षर उघडतं.

तिसऱ्या आठवड्यात लय. इथे कानाचा उपयोग होतो. डोळे पडद्यावर, कान कळांच्या आवाजावर. सोप्या शब्दावर ताडताड आणि अवघड शब्दावर थांबा-थांबा असा आवाज येत असेल तर लय नाही. सोपे शब्द मुद्दाम थोडे हळू घ्या. आमच्याकडे तबला शिकणारी एक मुलगी आहे, तिला हे एका वाक्यात समजलं: लय वाढवायची तर आधी ठाय, म्हणजे संथ, लयीत बोल स्पष्ट यायला हवेत.

ज्या शब्दांत एकाच बोटाला किंवा एकाच हाताला लागोपाठ काम पडतं ते वेगळे काढा. 'मिनिमम'चं इंग्रजी स्पेलिंग टाइप करून पाहा: सातही अक्षरं उजव्या हाताची आणि त्यांतली पाच एकट्या पहिल्या बोटाची. 'वेअर', म्हणजे घालणे, हा चार अक्षरी इंग्रजी शब्द पूर्ण डाव्या हाताचा. असे आपापले वीस-पंचवीस शब्द वहीत उतरवा आणि रोज प्रत्येकी दहादा टाइप करा. मंकीटाइपवर चाचणी संपल्यावर चुकलेल्याच शब्दांचा सराव करायची सोयही आहे, ती वापरा.

चौथ्या आठवड्यात वेग. आता नजर बोटांच्या एक शब्द पुढे न्यायची. बोटं 'हाउस' लिहीत असताना डोळ्यांनी पुढचा शब्द वाचून झालेला असला पाहिजे. दोन-तीन शब्द पुढे पळू नका, मधलं एखादं 'द' हमखास गळतं. या आठवड्यात दिवसाला पाचच शर्यती खेळा.

तपासा: सलग तीन दिवस अचूकता ९७ टक्क्यांच्या वर आहे का? नसेल तर चौथा आठवडा सुरू करू नका, परत पहिल्यावर या. यात कमीपणा नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुलं एकदा तरी मागे येतात.

सावधान: मनगट किंवा करंगळीच्या मुळाशी दुखू लागलं तर त्या दिवशी उठा. दुखणाऱ्या हाताने केलेला सराव बोटांना वाकडी सवय लावतो. दोन-तीन दिवस थांबूनही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

६. देवनागरीत खेळणार असाल तर

इंदूरच्या मराठी घरांतली अडचण वेगळीच. मुलं शाळेत हिंदी शिकतात, घरी मराठी बोलतात आणि टायपिंग करतात रोमन अक्षरांतून. 'माझा' असं इंग्रजी अक्षरांत लिहून देवनागरी उमटवणारी पद्धत पत्र लिहायला सोयीची आहे, पण शर्यतीत ती घात करते. खेळ एकेक अक्षर तपासतो, आणि ही पद्धत शब्द पूर्ण होईपर्यंत अक्षरं बदलत राहते. म्हणून इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळांचा आराखडा शिका. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांशी उजव्या, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात.

मंकीटाइपवर हिंदी शब्द आहेत, त्यावर सराव चांगला होतो. पण हिंदीच्या यादीत ळ भेटत नाही आणि ऱ्य तर नाहीच. मराठी उताऱ्यात मात्र ओळीओळीला 'शाळा', 'वेळ', 'दुसऱ्या', 'बऱ्याच' येतात आणि बोट तिथेच अडतं. इंग्रजी अक्षरांच्या कळांनी सांगायचं तर ळ म्हणजे शिफ्ट आणि एन. 'शाळा' हा शब्द असा: शिफ्ट-एम, ई, शिफ्ट-एन, ई. ऱ्या साठी शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ म्हणजे य, मग ई. डीवर हलन्त आहे, जोडाक्षर जुळवायला तोच लागतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टाइप करायची, जुन्या रेमिंग्टन आराखड्यावर हात बसलेले ती आधी टाइप करतात आणि पहिल्याच 'कि'वर अडखळतात. 'सूर्य'मधला रफार मात्र य च्या आधी: स, ऊकार, र, हलन्त, य.

इंग्रजीतला पन्नासचा वेग इथे दाखवायला जाऊ नका. एका जोडाक्षराला तीन-तीन ठोके पडतात. इंग्रजीच्या निम्मा वेग आला तरी सुरुवात उत्तम म्हणेन.

जी मुलं सीपीसीटी या मध्य प्रदेशातल्या संगणक-प्रावीण्य परीक्षेसाठी येतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. तिथे हिंदीत मिनिटाला वीस आणि इंग्रजीत तीस शब्द लागतात, हिंदीसाठी रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट चालतं, आणि उतारा पंधरा मिनिटांचा असतो. खेळातल्या एका मिनिटाच्या चाळीसवर विसंबू नका. पंधरा मिनिटांचा दम वेगळा कमवावा लागतो, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी लांब उतारा घ्या. आणि दोन आराखड्यांत उड्या मारू नका. एक निवडा, परीक्षेपर्यंत तोच.

७. शर्यत सुरू असताना

बसल्यावर आधी दोन शर्यती हात मोकळे करायला, निकाल न बघता. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बोटं गारठलेली असतात, तेव्हा कोमट पाण्यात दोन मिनिटं धरा.

टाइपरेसरवर उलटी मोजणी सुरू असतानाच उतारा दिसतो. मुलं तेव्हा पडद्यावरच्या सिग्नलच्या दिव्याकडे बघत बसतात. त्याऐवजी पहिली ओळ वाचून घ्या आणि त्यातला अवघड शब्द हेरा. पहिले तीन शब्द नेहमीपेक्षा थोडे हळू. सुरुवातीला दुरुस्ती करावी लागली की मन त्याच चुकीत अडकून राहतं.

दुसऱ्याच्या गाडीकडे बघायचं नाही. एकदा नजर वर गेली की उताऱ्यातली जागा हरवते, आणि ती शोधायला एका चुकीइतकाच वेळ जातो. हे ज्यांना जमत नाही त्यांनी खिडकी लहान करून गाड्या पडद्याच्या वर सरकवाव्यात.

वेग एकदम खूप वाढला तर टाइपरेसर चित्रातला मजकूर टाइप करायला लावून खातरजमा करतो. तो आरोप समजू नका, शांतपणे टाइप करा.

८. घरी शर्यत लावायची असेल तर

टाइपरेसरवर मित्रांसाठी वेगळा ट्रॅक उघडून दुवा पाठवता येतो, तेवढं पुरतं. प्रत्येकाने आपला कीबोर्ड आणावा. तीन फेऱ्या घ्या आणि प्रत्येकाच्या तिन्ही फेऱ्यांतला मधला वेग धरा. सर्वोत्तम वेग धरला तर सोपा उतारा मिळालेला जिंकतो. ९५ टक्क्यांखालची फेरी बाद, हे आधीच सगळ्यांसमोर सांगा. मागाहून सांगितलं की भांडणं होतात, आणि लहान मुलं फार मनाला लावून घेतात.

९. शर्यत संपल्यावर

लगेच दुसरी सुरू करू नका. वहीत तीन गोष्टी लिहा: वेग, अचूकता आणि कुठला शब्द अडला. बहुतेक मुलं फक्त वेग लिहितात. तिसरा रकानाच कामाचा आहे, कारण दहा शर्यतींनंतर तेच चार-पाच शब्द पुन्हा पुन्हा दिसू लागतात. मग पाचव्या टप्प्यातल्या यादीत त्यांची भर घाला आणि उद्याचा सराव त्यांच्यापासून सुरू करा. त्या नववीतल्या मुलाच्या वहीत 'बिकॉज' सलग अकरा वेळा होतं. बाराव्या ओळीत ते नव्हतं, तिथे त्याने नुसती एक टिकली काढली होती.